उपवरांची हौस आणि खरिपाचे भांडवल

वैशाखाच्या अखेरीस आमच्या खेड्यापाड्यांतून दोन कामांची घाई एकाच वेळी चालू असते. एकीकडे शेतात शेणखत पडत असते, ढेकळे फुटत असतात, बियाण्याची उगवण पाहण्यासाठी ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून ठेवलेले असतात; दुसरीकडे दारात मांडव पडत असतो, बस्ता बांधण्यासाठी मंडळी तालुक्यास जात असतात आणि रात्री वरातीच्या आवाजाने गोठ्यातील जनावरे बिथरत असतात. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. त्याच्या आधीच्या पाच-सहा आठवड्यांतच लग्नतिथींची दाटी होते. रब्बीचा माल विकून आलेला पैसा घरात असतो तो ह्याच दिवसांत, आणि खरिपाच्या बी-खतासाठी पैसा हवा असतो तोही ह्याच दिवसांत. शेतकऱ्याच्या लग्नखर्चाचा बहुतेक सारा प्रश्न ह्या एका गोष्टीत सामावलेला आहे, असे आम्हांस वाटते.

ह्या विषयावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ते बहुधा वधूवरांच्या वडिलांस उद्देशून. ज्यांचे लग्न व्हावयाचे आहे त्या मुलामुलींच्या मनात काय आहे, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. वडील खर्च ठरवितात, मामा-काका मानपान ठरवितात, आचारी पंगतीचा हिशेब सांगतो. आणि ज्यांच्या डोक्यावर अक्षता पडावयाच्या असतात ती दोघे खाली मान घालून बसलेली असतात. आज आम्ही वडीलधाऱ्यांची क्षमा मागून त्या दोघांशीच बोलू इच्छितो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपले लग्न थाटात व्हावे असे उपवर मुलामुलीस वाटणे हा काही दोष नव्हे. ज्या मुलीने दहा वर्षे कापूस वेचला, दुसऱ्यांच्या लग्नात पाणी वाढले आणि मैत्रिणींच्या हातावर मेंदी काढली, तिच्या मनात आपल्या हळदीच्या दिवसाचे चित्र असणारच. ज्या मुलाने रात्रीच्या विजेवर उसाला पाणी दिले, त्यास एक दिवस तरी फेटा बांधून, चारचौघांच्या कौतुकात घोड्यावर बसावेसे वाटले, तर त्यास उधळ्या म्हणणे अन्यायाचे आहे. शेतकऱ्याच्या आयुष्यात कौतुकाचे दिवस थोडे. शहरातील सुखवस्तू माणसाने लाखोंचा समारंभ केला तर तो आनंद, आणि शेतकऱ्याने दोन बैलगाड्या सजविल्या तर ती उधळपट्टी, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

परंतु ह्या हौसेच्या पोटात शंकाही आहेत, आणि त्या बोलून दाखविल्या जात नाहीत म्हणून अधिक बोचतात. मुलाची पहिली शंका अशी की, आपले लग्न होईल तरी काय? ही शंका पोकळ नव्हे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलांमागे ९१३ मुली होत्या. २०११ साली त्या ८९४ राहिल्या, आणि बीड जिल्ह्यात तर अवघ्या ८०७. गर्भलिंग तपासणीस बंदी करणारा कायदा १९९४ साली झाला होता, तरी हे घडले. २००१ साली मोजली गेलेली ती बालके आज लग्नाच्या वयाची आहेत. जी मुलगी जन्मासच आली नाही, तिचे स्थळ आज कोठून सांगून येणार? २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरास लग्नाळू तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीवर मोर्चा नेला. पुष्कळांनी तो हसण्यावारी नेला. आम्हांस त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. फेटा, घोडा, मुंडावळ्या हे सारे होते, नव्हती ती नवरी; आणि ती का नाही ह्याचे उत्तर त्या तरुणांनी नव्हे, त्यांच्या आईबापांच्या पिढीने द्यावयाचे आहे.

मुलीची शंका वेगळी आहे. आपण मनातील हौस बोलून दाखविली तर वडिलांस कर्ज काढावे लागेल काय, हे तिला कोणी न सांगता कळते. बँकेची नोटीस तिनेच वाचून दाखविलेली असते. सोसायटीचे देणे किती थकले हे तिला आईच्या चेहऱ्यावरून समजते. म्हणून ती "मला काही नको" असे म्हणते, आणि घरातील माणसे त्यास समजूतदारपणा समजून सुटकेचा श्वास टाकतात. ह्या मुकेपणाचा शेवट किती भयंकर होऊ शकतो हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१७ साली मराठवाड्यात एका शेतकरी कन्येने, आपल्या लग्नाचा भार वडिलांवर पडू नये एवढ्यासाठी स्वतःचे जीवन संपविले. त्या घटनेवर सभा झाल्या, भाषणे झाली. पण आपल्या घरातील उपवर मुलीस जवळ बसवून, "बाई, तुझ्या मनात काय आहे? आपल्यापाशी एवढे आहे. ह्यात काय करू या?" असे किती बापांनी विचारले, ह्याचा विचार ज्याचा त्याने करावा.

लग्नखर्चामुळेच शेतकरी बुडतो, असे म्हणणारा एक वर्ग फार जुना आहे. त्यांचा आमचा मतभेद आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे सुरू झालेले सावकारांविरुद्धचे दंगे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले, तेव्हा सरकारने चौकशीस आयोग नेमला. लग्नकार्यातील खर्च कुणब्याच्या ऐपतीच्या मानाने अधिक असतो हे त्या आयोगाने नोंदविले. पण असे प्रसंग क्वचित येतात, आणि अनेक वर्षांवर हा खर्च वाटून पाहिला तर तो काही गैरवाजवी ठरत नाही, असाही अभिप्राय दिला. कर्जाची मुळे शेतसारा, पडलेले भाव आणि सावकारी व्याज ह्यांतही शोधावी लागली. आजही नापिकी, पडते भाव आणि घरातील आजारपण ह्यांचे माप लग्नाच्या पदरात घालून मोकळे होणे बरोबर नाही.

मग बदलले काय? आमच्या मते बदलली ती लग्न उभे करण्याची रीत. पूर्वी गावातील लग्न ही एक प्रकारची सावडच होती. ज्याप्रमाणे एकाच्या पेरणीस दुसऱ्याची बैलजोडी येते आणि त्याच्या खुरपणीस पहिल्याच्या घरची माणसे जातात, त्याचप्रमाणे एकाच्या मांडवास साऱ्या भावकीचे हात लागत. मांडवाचे डहाळे रानातून येत. पत्रावळी पोरेसोरे लावीत. डाळ घराघरांतील जात्यांवर भरडली जाई. दूध ज्याच्या गोठ्यात असेल त्याच्याकडून येई. वाढपी गावातलेच असत. खर्च होता, पण त्यातील मोठा भाग श्रमाचा आणि धान्याचा होता. रोख पैशाचा भाग थोडा. आता मंगल कार्यालय किंवा लॉन ठरले की, मांडव, खुर्च्या, आचारी, वाढपी, फुले, डीजे, चित्रीकरणाचा ड्रोन, लग्नाआधीचे प्री-वेडिंग, सारे काही रोख ठरते. सावड फेडावयाची असते ती श्रमाने, आणि तीही सवडीने. रोख फेडावयाची असते ती व्याजाने, आणि ठरल्या तारखेस. हा फरक लहान नव्हे.

एक साधा हिशेब मांडून पाहू. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील वहितीखालील खात्याचे सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टर झाले, म्हणजे सुमारे ३ एकर १२ गुंठे. ह्या साऱ्या रानात सोयाबीन घेतले आणि एकरी ८ क्विंटल उतारा धरला, तर सुमारे २६ क्विंटल माल होतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या दराने २६ क्विंटलांचे १,२७,१९२ रुपये होतात. आणि त्या हंगामात बाजारातील भाव पुष्कळ काळ हमीभावाच्याही खाली होते, हे वाचकांस आठवत असेलच. आता पाचशे पानांची एक पंगत, ताटास २५० रुपये धरून मांडा. ती होते १,२५,००० रुपयांची. म्हणजे बियाणे, खत, फवारणी, मळणी, मजुरी ह्यांतला एक पैसाही वजा न करता, सरासरी शेतकऱ्याचे खरिपाचे संपूर्ण पीक एका दुपारच्या जेवणात संपले. बस्ता, सोने, कार्यालय आणि वाजंत्री अजून उरलीच आहेत. वाचकांनी आपापले क्षेत्र, आपला उतारा आणि आपल्याकडील ताटाचा दर घालून हा हिशेब पुन्हा करावा. आकडे बदलतील, तात्पर्य फारसे बदलेल असे आम्हांस वाटत नाही.

येथे आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा येतो, आणि तो आम्ही विशेषेकरून उपवर मुलांस सांगू इच्छितो. मुली शेतकऱ्याचे स्थळ नाकारतात, अशी तक्रार आहे. त्या का नाकारतात हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. शेतकऱ्याकडील मांडव लहान असतो म्हणून नाकारणारी मुलगी आमच्या पाहण्यात नाही. त्यांची शंका लग्नाच्या दिवसाविषयी नसते. ती दुसऱ्या दिवसाविषयी असते. महिन्याकाठी हातात काय येईल? पाणी डोक्यावरून आणावे लागेल काय? घरात न्हाणी आणि शौचालय आहे काय? शिकलेल्या मुलीस आपले शिक्षण वापरता येईल काय? देणे किती आहे, आणि ते कोण फेडणार? ह्या प्रश्नांची उत्तरे नीट न देता, "आम्ही लग्न जोरात करू" असे सांगणारा वरपक्ष भलत्याच प्रश्नाचे उत्तर देत असतो.

इतकेच नव्हे, तर तो आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेत असतो. जमीन गहाण टाकून, दागिना मोडून किंवा पीककर्जाचा पैसा वळवून मोठा समारंभ केला, की त्या मुलीस जी शाश्वती हवी होती तीच नष्ट होते. वैशाखात वरात निघते, ज्येष्ठात दुकानदाराकडे उधारीवर बियाणे घ्यावे लागते, पेरणी चार दिवस मागे पडते, खताचा पहिला हप्ता चुकतो, आणि दिवाळीच्या सुमारास नवी सून उंबऱ्यावर उभी राहून वसुलीस आलेल्या माणसास "हे घरी नाहीत" असे सांगत असते. हा तिचा पहिला दिवाळसण! लग्नाचे चित्रीकरण कितीही सुंदर झालेले असले, तरी ते पाहण्याची तिला त्या दिवशी इच्छा होईल काय?

ह्यावर कोणी म्हणेल की, लग्न आयुष्यात एकदाच होते. तेव्हा हात आखडून कसे चालेल? आमचे उत्तर असे की, यंदाचा मृगही एकदाच येतो. चुकलेली पेरणी पुढच्या वर्षाखेरीज परत मिळत नाही. दुसरा आक्षेप असा की, लहान लग्न केले तर भावकीत नाव जाईल. नाव जाते हे काही अंशी खरे आहे, आणि ते खोटे आहे असे सांगून आम्ही कोणाची समजूत घालणार नाही. पंधरा दिवस बोलणी होतील. पण मोठ्या लग्नातही बोलणी चुकत नाहीत. कोणाला भाजी तिखट लागते, कोणाचा आहेर हलका ठरतो, कोणाचा मान राहून जातो. दोन्हीकडे बोलणी खावयाचीच असतील, तर ती व्याजाशिवाय खाल्लेली बरी.

विवाहास विधीने आणि कायद्याने नेमके काय लागते, हेही उपवरांनी जाणून घ्यावे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीनुसार विधी झाले पाहिजेत. जेथे सप्तपदी त्या विधींत मोडते तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्यास ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढे पुरते. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट म्हटले की, हिंदू विवाह हा नाचगाण्याचा वा खाण्यापिण्याचा प्रसंग नव्हे. आणि ह्या विवाहास विहित विधीच झाले नसतील तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने तो सिद्ध होत नाही. म्हणजे ज्या गोष्टीवाचून लग्न लागत नाही तिला खर्च अगदी थोडा, आणि ज्या गोष्टींवर खर्च होतो त्यांवाचून लग्न अडत नाही.

आमच्या प्रांतात हा विचार नवीन नाही. जोतीराव फुले ह्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला तो २४ सप्टेंबर १८७३ रोजी. आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरास पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह अत्यल्प खर्चात लागला. त्या पद्धतीत वधूवर एकमेकांस आपल्या तोंडाने वचन देतात. आम्हांस ह्यातील काटकसरीइतकीच ही दुसरी गोष्ट मोलाची वाटते. तेथे खर्च कमी झाला, पण वधूवरांचा आवाज वाढला. आजच्या थाटाच्या समारंभात नेमके ह्याच्या उलट घडते. आवाज डीजेचा वाढतो, वधूवर मुके राहतात.

सामुदायिक विवाहांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. ही चाल उपकारक आहे, आणि शुभमंगल सामूहिक व नोंदणीकृत विवाह योजनेतून सरकारी अर्थसाह्यही दिले जाते. परंतु काही ठिकाणी वधूवरांच्या नावांपेक्षा पुढाऱ्यांची नावे मोठ्या अक्षरांत लागतात, आणि उन्हात बसलेल्या पन्नास जोडप्यांस भाषणे संपेपर्यंत अक्षतांची वाट पाहावी लागते. गरिबाच्या मुलीसही स्वतःचे असे काही हवे असते. तिच्या हातावर मेंदी असावी, तिच्या आजीस पुढे बसण्यास जागा मिळावी, तिच्या नावाचा उच्चार नीट व्हावा, एवढे तरी संयोजकांनी पाहावे. ह्यास पैसा लागत नाही, आस्था लागते.

आता आमच्या सूचना. त्या चारच आहेत.

पहिली. सुपारी फुटण्यापूर्वी वधू आणि वर ह्या दोघांनी, वडीलधाऱ्यांच्या देखत, खर्चाचा आकडा स्वतः बोलून ठरवावा. तो ठरविताना येत्या खरिपाचे बी, खत, मजुरी आणि घरखर्चाचे चार महिने आधी बाजूस काढावे. उरेल त्यात लग्न करावे. उरत नसेल तर तिथी पुढे ढकलावी किंवा नोंदणी करावी. पेरणी पुढे ढकलू नये.

दुसरी. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहावे की, वीस वर्षांनी आपल्या लग्नातील कोणत्या तीन गोष्टी आठवाव्यात असे वाटते. त्या तीन गोष्टी अवश्य कराव्यात, आणि मन मोकळे सोडून कराव्यात. कोणास पैठणी हवी असेल, कोणास सनई, कोणास आपल्या रानातील आंब्याखाली पंगत. बाकीच्या यादीवर "हे कोणासाठी?" असे लिहून पाहावे. पुष्कळ कलमे आपोआप गळतील, असा आमचा अदमास आहे.

तिसरी. गावाने सावड पुन्हा उभी करावी. मोठी भांडी, सतरंज्या, खुर्च्या आणि मांडवाचे कापड सोसायटीने किंवा तरुण मंडळाने एकदा घेऊन ठेवले, तर ते पुष्कळ लग्नांस पुरते. वाढण्यास गावातील मुले उभी राहिली, तर ताटाचा दर उतरतो आणि पाहुण्यास "अजून घ्या" म्हणणारे ओळखीचे तोंड भेटते.

चौथी सूचना मुलांस व त्यांच्या वडिलांस. हुंडा घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहेच. "आम्हांस हुंडा नको, फक्त लग्न चांगले करून द्या" हे त्याचेच दुसरे रूप होय, आणि ते सोडून द्यावे. मुलीस थाट दाखवावयाचा असेल तर सातबारा दाखवावा. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची चळवळ उभारून शेतकऱ्यांस पत्नीच्या नावे जमीन करण्यास सांगितले, आणि पुढे सरकारनेही त्याच नावाने पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून उताऱ्यावर लावण्याची सोय केली. ज्या घरात सुनेचे नाव उताऱ्यावर चढते, त्या घराच्या मांडवाची लांबी-रुंदी कोणी मोजीत नाही.

उपवर मुलामुलींनो, तुमच्या मनातील लग्नाचे चित्र पुसून टाका असे आम्ही सांगत नाही. ते चित्र आपल्या जोडीदारास आणि आपल्या आईबापांस दाखवा. ते मनात दाबून ठेवू नका, आणि कर्जाच्या रंगाने रंगवूही नका. मांडवाचे डहाळे चार दिवसांत वाळतात. त्यानंतर तुम्हां दोघांस जावयाचे असते ते रानात, आणि त्या वेळी तिफणीच्या चाड्यावर मूठ धरण्यास घरचे बी असले पाहिजे.